पडद्यावरच्या रेघा

सोनोग्राफी मशीनची देखभाल करणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. मशीन बिघडलं की दोष माझा, आणि मशीन ठणठणीत असून पडद्यावर रेघा आल्या तरी दोष माझाच! ऐंशीच्या दशकात घाटकोपर ते मुलुंड नवी नवी सोनोग्राफी सेंटरं निघाली. प्रत्येकाच्या शेजारी काहीतरी चालू असायचं आणि त्याच्या रेडिओ लहरी डॉक्टरांच्या पडद्यावर उतरायच्या. त्या हुडकायच्या आणि थोपवायच्या, हे माझं काम.

हुडकायला माझ्याकडे साधा ट्रान्झिस्टर होता. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवायचा, कानाला लावायचा आणि खरखर वाढेल तिकडे चालायचं. घाटकोपरच्या एका सोसायटीत मी असा चारही मजले फिरलो. दारादारातून एकच प्रश्न, "स्कोअर काय झाला?" आधी मी खरं कारण सांगत होतो. तिसऱ्या मजल्यापासून "दोन गेले" म्हणू लागलो. लोक समाधानाने दार लावून घेत.

खरखर निघाली तळमजल्यावरच्या फिजिओथेरपिस्टकडे. त्याचं शेकायचं मशीन सुरू झालं की वरच्या डॉक्टरांचा पडदा गेलाच. दोघांचं बोलणं बंद होतं, म्हणून मीच निरोप्या झालो आणि वेळा वाटून दिल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली: "सकाळी गुडघे. दुपारी पोटं."

भांडुपला अर्थिंग नीट नव्हतं. आवारात खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरलं आणि ओल राहावी म्हणून दवाखान्यातल्या मावशींना रोज त्यात तांब्याभर पाणी घालायला सांगितलं. मावशी आंघोळ करून मनोभावे घालायच्या. पंधरा दिवसांनी गेलो तर खड्ड्यावर हळदकुंकू, फुलं, आणि पाणी घालायला बायकांची रांग. इतकं झकास अर्थिंग मला पुन्हा कुठेच मिळालं नाही!

बाहेरच्या लहरी अडवायला एका डॉक्टरांच्या खोलीला भिंतीपासून छतापर्यंत तांब्याची जाळी मारत होतो. त्यांच्या आई दारात येऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "कोंबड्याच पाळायच्या होत्या तर एवढं शिकलास कशाला?"

आणि मुलुंडची ती दुपार. तिथल्या डॉक्टरबाईंच्या पडद्यावर दर दहा-बारा सेकंदांनी रेघा येत. मागच्या गल्लीतल्या गाळ्यात प्लॅस्टिकचे रेनकोट चिकटवणारी प्रेस होती, प्रत्येक दाबाला एक झटका. जाळी बसायला आठवडा लागणार होता. त्या दुपारी वैशाली नावाची मुलगी आली. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली, आणि सकाळपासून पुन्हा रक्त जात होतं. बाळाचं ठोके देणारं टिपकं शोधायचं, तर नेमक्या तिथेच रेघा. डॉक्टरबाईंचा हात थांबला. वैशाली पडद्याकडे बघत नव्हती, बाईंच्या तोंडाकडे बघत होती. मला तिथे उभं राहवेना.

मी धावत गाळ्यात गेलो. मालक मणिशेठनी हात झटकले. पावसाळा तोंडावर, माल उद्या द्यायचा, रोज कोण ना कोण आजारी असतंच, असं बरंच बोलले. प्रेसवर शेवंतीबाई होती, मालवणची. तिने मला एवढंच विचारलं की कितवा महिना. मी तिसरा म्हणालो. तिने बटण बंद केलं आणि बाकीच्या बायकांकडे वळली.

"बाळ दिसापर्यंत कोणी बटणाक हात लावूचो नाय."

शेठ ओरडले. कोणी हललं नाही.

मी परत आलो तेव्हा पडदा स्वच्छ होता. करड्या रंगात एक टिपकं लुकलुकत होतं, भराभर. डॉक्टरबाईंनी बोट ठेवून दाखवलं. वैशाली रडायलाच लागली आणि मलाही काही दिसेनासं झालं.

डोळे पुसून मी पुन्हा गाळ्यात गेलो. दारात मणिशेठ स्वतः उभे होते, मेन स्विचला पाठ लावून.

"झालं शेठ, करा चालू," मी म्हणालो.

ते जागचे हलले नाहीत. "चालूचा मग बघू. पहिला बोल, बच्चा दिसला?"