कुंडीचं भोक कोणी बुजवलं?

आमच्या सिहोरा गावच्या उन्हात मी थंड हवेतलं जपानी मेपलचं झाड कुंडीत लावलं म्हणून हसले होते ना सगळे? हसा. आज त्यानं खरंच मान टाकली.

कुंडी उलटी केली, तर पाणी निघायचं भोक चिखलानं गच्च! मुळं काळी, सडका वास.

बाबा म्हणाले, "मीच बुजवलं. पानी सारं वाहून जाऊन राहिलं होतं ना!"

धानाच्या बांधीला, म्हणजे भाताच्या खाचराला, भोक पडलं की पाणी अडवायला ते बुजवायचं, हेच जन्मभर केलेला माणूस. रागावू तरी कसा?

सडकी मुळं कापली. आत थोडी पांढरी, जिवंत मुळं निघाली! रेती अन् धानाचं तूस मिसळून झाड पुन्हा लावलं, सावलीत ठेवलं.

संध्याकाळी बाबा कुंडीखाली वाकून पाहत होते. "निघून राहिलं रे पानी!"

जन्मभर पाणी अडवणारा माणूस पाणी गळतंय म्हणून खूश झाला. मग मेपलला पालवी फुटणार नाही, असं कसं होईल?