पित्ताची गोळी

रोज सकाळी साडेसातला मी नवऱ्यासमोर उभी राहायचे. त्याने गोळी पाण्यात विरघळवायची, माझ्या देखत ग्लास रिकामा करायचा, मग मी पोळ्यांकडे वळायचे. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरीणबाईंनीच ही पद्धत घालून दिली होती. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली की माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. त्या धाकाने तो पीत नव्हता. सात महिने झाले होते, आणि त्या सात महिन्यांत मी एकदाही स्वस्थ बसले नव्हते. त्याची ट्राम दहा मिनिटं उशिरा आली तरी मी खिडकी ते दार येरझाऱ्या घालायचे.

त्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि कळता कामा नये असं नवऱ्याने मला बजावलं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "कसली गं गोळी घेतो हा?"

"पित्ताची," मी म्हणाले. इतकं सफाईदार खोटं मला जमतं हे मलाच नवीन होतं.

बुधवारी तो घरून काम करायचा. त्या बुधवारी जेवणानंतर मी कपडे वाळत घालत होते, तर तो भिंतीला धरत आला. चेहरा, मान, कान, सगळं लाल.

"मी प्यायलो नाहीये," मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

मी त्याची हनुवटी धरली आणि तोंडाचा वास घेतला. त्याच्या आईसमोर. गोडसर, आंबूस वास आला आणि माझं डोकंच फिरलं. "कुठे ठेवलीयस?" मी त्याची ऑफिसची बॅग उपडी केली, जॅकेटचे खिसे चाचपले, सोफ्याच्या उशा काढून फेकल्या. तो जमिनीवर बसून धापा टाकत होता. सासूबाई "अगं काय शोधतेयस?" म्हणून माझ्यामागे फिरत होत्या. बाटली सापडली नाही, तेव्हा कुठे मी आमच्या हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, फोन लावला.

त्यांनी विचारलं, तासाभरात पोटात काय काय गेलं? मी तेच मोठ्याने मराठीत विचारलं.

"मी माझं द्राक्षासव दिलं की त्याला," सासूबाई म्हणाल्या. "चार चमचे, जेवणावर. पित्त आहे म्हणालीस ना तू?"

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या, टाळायच्या गोष्टींच्या यादीत खोकल्याचं औषध होतं, माउथवॉश होता, वाइन घातलेले सॉस होते. द्राक्षासव त्या डच यादीत कुठून असणार? पण आसवात अल्कोहोल असतं हे मला माहीत होतं. मी खरं बोलले असते, तर त्यांनी ते दिलंच नसतं.

डॉक्टरांनी त्याला लगेच बोलावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. घरी आल्यावर त्यानेच आईला सगळं सांगितलं. त्या बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, मग उठून वरण-भात लावायला गेल्या.

मी त्याच्याजवळ बसले. "चुकलंच माझं. पित्ताचं सांगायला नको होतं."

"त्याचं काही नाही गं," तो म्हणाला. "मी प्यायलो नाही म्हणून सांगितलं होतं तुला. तू आधी बाटली शोधलीस, मग फोन केलास."

मी हो म्हणाले.