क्लोनडॉकिनचा महाभियोग

विमान डब्लिनला उतरायला लागलं तेव्हा खाली आधी समुद्र दिसला, मग हिरवे तुकडे, आणि त्या हिरव्यात पांढरे ठिपके. ठिपके म्हणजे मेंढ्या, हे शेजारच्या प्रवाशाने सांगितलं. दोन हजार वीसचा फेब्रुवारी होता. लेक अनघा बाळंत व्हायची होती, म्हणून कराडच्या माझ्या शिवणक्लासला कुलूप घालून मी तीन महिन्यांसाठी निघाले होते. राहिले दीड वर्ष. त्याचं कारण सगळ्या जगाला ठाऊक आहे, ते उगाळत बसत नाही.

अनघा आणि जावई निखिल यांचं घर सँट्रीत, विमानतळाला लागूनच. पहिले काही दिवस विमानांच्या आवाजाने मला झोप येईना. पुढे विमानंच बंद झाली, तर शांततेने येईना. घर छोटं पण नेटकं. भिंतीतल्या कपाटाला तिथे 'प्रेस' म्हणतात, आणि पाऊस, ताप, जेवण, मरण अशा कशाहीबद्दल विचारलं तरी 'ग्रँड' (म्हणजे 'ठीक आहे, चाललंय') असं उत्तर येतं. नातू झाला, तोही ग्रँड. त्याची दुपटी शिवून संपल्यावर मी मास्क शिवायला घेतले. अनघाच्या जुन्या पैठणीचा काठ लावून एक केला, तर समोरच्या आयरिश बाईने दारातूनच तो मागितला.

एकवीसचा जानेवारी उजाडला तो कडक टाळेबंदीत. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही असा हुकूम होता. बाहेर अंधार, आत टीव्ही. टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षांवर दुसऱ्यांदा महाभियोग चालला होता. निखिल चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पण त्या दिवसांत तो घटनातज्ज्ञ झाला होता. मी विचारायचे, "काढलं का त्यांना?" तो म्हणायचा, "आई, आधी आरोप, मग खटला." मला ते सगळं फार लांबचं वाटे. आपल्या घरातही तसलं काही शिजेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्याच महिन्यात आयर्लंडच्या वायव्य टोकाच्या लेटरकेनी गावाहून बातमी आली. अनघाची मैत्रीण सायली तिथे राहते. तिचा नवरा अभिजित तिथल्या इस्पितळात डॉक्टर होता. ड्युटीवरून घरी आला, खुर्चीत बसला, तो उठलाच नाही. हृदय थांबलं. बातमी आम्हाला आठवड्याने कळली, आणि तोवर अंत्यविधी उरकला होता. नियमाप्रमाणे दहा माणसांना परवानगी होती, अंत्यविधीसाठी प्रवास करायलाही मुभा होती. पण दहा जमलीच नाहीत. घरमालक, केरळच्या दोन नर्स आणि शेजारचा शेतकरी, एवढेच.

"तू मला का नाही कळवलंस गं?" अनघाने फोनवर रडत विचारलं.

सायली म्हणाली, "मी दादांना फोन केला होता. मला वाटलं, मंडळ सगळ्यांना कळवेल."

इथे मंडळाबद्दल सांगायला हवं. आयर्लंडमधल्या मराठी माणसांनी एक मंडळ काढलंय. त्याची पद्धत अशी, की कुणावर प्रसंग आला तर अध्यक्षांना फोन करायचा. अध्यक्ष गावोगावच्या सभासदांना कळवणार, माणसं पाठवणार, अडीअडचणीच्या निधीतून खर्च करणार. अध्यक्ष म्हणजे विद्याधरदादा. राहणार डब्लिनच्याच क्लोनडॉकिन भागात, मंडळ त्यांनीच सुरू केलेलं, आणि तेव्हापासून बिनविरोध तेच. गणपती, दिवाळी, सहल, सगळं त्यांच्या अंगावर. सायलीने त्यांना त्या रात्री फोन केला, दुसऱ्या दिवशी केला, निरोप ठेवला. त्यांनी उचलला नाही. उलट फोनही केला नाही. आणि कुणालाही कळवलं नाही.

अनघाचा संताप मी लहानपणापासून ओळखते. ती भांडत नाही, कामाला लागते. "जाब विचारायचा," ती म्हणाली. निखिल टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, "मग महाभियोगच आणू." व्हॉट्सॲपवर त्याच नावाचा ग्रुप निघाला आणि बघता बघता भरला. दादांनी सभा बोलवायला चालढकल केली. तेव्हा मंडळाच्या नियमांत सापडलं, की सभासद स्वतः सभा बोलवू शकतात, मात्र सह्या गोळा करून आणि स्वतःच्या खर्चाने. मैदानाचं भाडं, मंडप, माइक, सगळं आलं. मग माझ्या मशीनला काम लागलं.

उन्हाळ्यात निर्बंध सैल झाले तसं आम्ही सँट्रीच्या सोसायटीच्या अंगणात टेबल मांडलं. काठाचे मास्क, चकल्या, बेसनाचे लाडू. समोरची आयरिश बाई, ब्रीजेट तिचं नाव, पहिली गिऱ्हाईक. तिने विचारलं, हे कुठल्या धर्मादाय कामासाठी आहे का? अनघाने प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही. आमच्या अध्यक्षांना पदावरून काढायचंय."

"अँड व्हॉट डिड युवर मॅन डू?" ब्रीजेटने विचारलं. 'युवर मॅन' म्हणजे तिकडे 'तो गृहस्थ'. मी मात्र क्षणभर निखिलकडे बघितलं. अनघाने सगळी हकिगत सांगितली. ब्रीजेटच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या देशात मयताला न जाणं ही साधी गोष्ट नाही. ओळख नसलेली माणसंसुद्धा रांग लावून हात हातात घेतात, "सॉरी फॉर युवर ट्रबल" एवढंच म्हणतात आणि पुढे सरकतात, असं तिनेच मला सांगितलं. तिने चार मास्क घेतले, सुटे परत घेतले नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत सगळी बिल्डिंग आमच्या टेबलाशी पाठवली. कुणी म्हणे आमच्याही क्लबचा अध्यक्ष घालवायचा आहे, तुमची पद्धत सांगा.

जुलैत आम्ही लेटरकेनीला निघालो. सायलीला विचारल्याशिवाय तिच्या नावाने सभा घेणं अनघाला पटत नव्हतं. सरळ रस्ता नॉर्दर्न आयर्लंडमधून जातो. तो ब्रिटनचा भाग, माझा व्हिसा तिथे चालत नाही. रस्त्यात गेट नाही, चौकी नाही, कुणी विचारतही नाही. तरी निखिल म्हणाला, "उगाच कशाला विषाची परीक्षा," आणि गाडी स्लायगोवरून वळसा घालून घेतली. त्या वळशाचा मला फायदाच झाला. स्लायगोजवळ माथा कापून सपाट केल्यासारखा एक प्रचंड डोंगर लागतो. त्यापुढे डावीकडे समुद्र, उजवीकडे दगडी बांध घातलेली शेतं, आणि मेंढ्यांच्या पाठीवर मालकाच्या खुणेचे निळे-लाल रंग. एका वळणावर मेंढ्या रस्त्यातच बसल्या होत्या. निखिलने हॉर्न वाजवला तर त्यांनी मान वळवून पाहिलं आणि तशाच बसून राहिल्या. शेवटी मी उतरून हुसकावल्या. "आई, इथे असं करतात का माहीत नाही," निखिल म्हणाला. मेंढ्यांना मात्र माहीत असावं.

सायलीचं घर गावाबाहेर, चढावर. दारात अभिजितची गाडी उभी होती आणि चाकांभोवती गवत वाढलेलं. तिकडे गाडीशिवाय दूधही आणता येत नाही, आणि सायलीला गाडी येत नव्हती. शेजारचा शेतकरी तिला शिकवत होता. सायलीची सात वर्षांची मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर देते तिथल्या बोलीत. मला म्हणाली, "वुड यू लाइक अ वी कप ऑफ टी?" 'वी' म्हणजे इवलासा. प्रत्यक्षात कप चांगला मोठा होता.

निखिलने सायलीसमोर ठराव वाचला. 'कर्तव्यात कसूर' वगैरे जोरदार शब्द होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ठरावाचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "ते अध्यक्ष राहिले काय, गेले काय, मला काही फरक पडत नाही. मला त्यांना सगळ्यांसमोर एकच विचारायचंय. फोन का उचलला नाही?"

परतताना गाडीत मला आमच्या कराडच्या शेजारच्या मालतीबाई आठवत होत्या. एप्रिलच्या लाटेत त्यांचे यजमान गेले. मी व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. फोन करायचा राहून गेला होता.

सभा ऑगस्टमधल्या एका रविवारी, क्लोनडॉकिनच्या मैदानावर. आम्ही पोहोचलो तर विद्याधरदादा आधीच हजर, खुर्च्या मांडत होते. दरवर्षी तेच मांडतात. पन्नाशीचा, अंगाने किरकोळ माणूस. मला बघून "या काकू, सावलीत बसा" म्हणाले. सावलीचा प्रश्नच नव्हता, भुरभुर पाऊस लागला होता. माणसं लांबलांबून आली होती. सायली स्वतः गाडी चालवत आली होती, शेतकरी शेजारी बसवून.

आणि मग गंमत झाली. गंमत म्हणावी की काय म्हणावं, अजून ठरत नाही. अनघाकडे सूत्रसंचालन होतं. वेळेअभावी तिने गणपतीच्या समारंभाचा जुना क्रम घेऊन फक्त वरचं नाव बदललं होतं. माइक हातात आल्यावर तिच्या तोंडून सवयीने आलं, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान माननीय विद्याधरदादांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडते." मागून कुणीतरी तितक्याच सवयीने अनुमोदन दिलं. टाळ्या वाजल्या. दादा संकोचून मधल्या खुर्चीत बसले. मग दीपप्रज्वलन, ज्योत वाऱ्याने तीनदा विझली. मग अध्यक्षांचा सत्कार. मी वयाने मोठी, म्हणून प्रमुख पाहुणी मला केलं होतं. शाल-श्रीफळ माझ्याच हातात आलं. ज्याला काढायला मी रात्रंदिवस मास्क शिवले, त्याच्या खांद्यावर मी शाल पांघरली. शाल टेरिकॉटची होती आणि काठ उसवत आला होता.

निखिलने ठराव वाचला. दोघे बाजूने बोलले, एक विरोधात. पाऊस वाढला तशी माणसं जेवणाच्या डब्यांकडे बघायला लागली. क्रमात आता उरलं होतं प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय भाषण आणि मतदान. अनघाने कागद खालीवर पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. सायलीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. सायली शेवटच्या रांगेत मांडीवर छत्री घेऊन बसली होती.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मला बोलायचं नाही. माझी वेळ मी सायलीला देते." पाहुण्यांचं कोण मोडणार?

ती पुढे आली. माइक घेतला नाही. दादांच्या समोर उभी राहिली आणि विचारलं, "दादा, तुम्ही माझा फोन का उचलला नाही?"

दादा शालीचं टोक हातात धरून बसले होते. निधीचे नियम, टाळेबंदी, कामाचा ताण, हे सगळं ते आता सांगतील असं मला वाटलं. त्यांनी शाल काढून घडी घातली.

"पहिला फोन आला तेव्हा झोपलो होतो," ते म्हणाले. "सकाळी तुझा निरोप ऐकला. फोन हातात घेतला, आणि तुला काय बोलायचं तेच सुचेना. म्हटलं, थोड्या वेळाने करतो. मग दुपार झाली, दुसरा दिवस झाला. जितका उशीर झाला तितकं अवघड झालं. इतरांना कळवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुम्ही काय बोललात तिच्याशी? एवढंच आहे, सायली. दुसरं काही नाही."

सायली शांतपणे म्हणाली, "मग तेवढंच म्हणायचं होतं ना, दादा. काय बोलू सुचत नाही, असं. मी ऐकलं असतं. मला कुणाचा तरी आवाज हवा होता."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

मग मतदान झालं. हात मोजायचं काम सभेच्या अध्यक्षांचं असतं, म्हणून दादांनीच ते मोजले आणि जाहीर केलं, "ठराव मंजूर." आणि सवयीने पुढे म्हणाले, "आता जेवून घ्या सगळे." टीव्हीवरच्या महाभियोगात त्या अध्यक्षांची सुटका झाली होती; आमचा मात्र यशस्वी झाला. तरी कुणी टाळी वाजवली नाही. जेवणं झाल्यावर दादा खुर्च्या गोळा करत होते. सायली त्यांच्याशी गोड बोलली नाही, पण निघताना तिने आपली खुर्ची स्वतः उचलून त्यांच्या हातात दिली.

सप्टेंबरात मी परतले. खाली पुन्हा ते हिरवे तुकडे आणि पांढरे ठिपके, या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही. आयर्लंडात काय पाहिलं असं आता सगळे विचारतील आणि मी डोंगर, समुद्र, मेंढ्या सांगेन. महाभियोगाचं सांगितलं तर हसतील, आणि हसण्यासारखं होतंच ते. पण फोन हातात घेऊन खाली ठेवणारा तो माणूस मला परका वाटला नाही, हेही सांगायला हवं.

कराडला रिक्षा दारात थांबली. बॅगा जिन्यातच ठेवल्या. माझ्या दाराचं कुलूप काढायच्या आधी मी शेजारची कडी वाजवली. मालतीबाईंनी दार उघडलं. विमानात सगळा वेळ मनाशी जुळवलेली वाक्यं होती, ती ऐनवेळी कुठे गेली कोण जाणे.

"मालतीबाई," मी म्हणाले, "मला काय बोलायचं ते सुचत नाहीये."

त्यांनी माझा हात धरला आणि आत घेतलं.