उजव्या पायातला चाळ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कुणी सांगायला लागलं की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते. तरी लिहितेय... डोक्यातून जात नाही म्हणून.

मी महाडला कीबोर्डच्या शिकवण्या घेते. मागच्या मार्चमध्ये पुण्याच्या एका बॅले ग्रुपचं काम आलं होतं — तीनशे वर्षांपूर्वीची, युरोपातल्या बरोक शैलीतली रचना त्यांच्या नव्या नाचासाठी बसवून द्यायची. त्या संगीतात एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू होते. ऐकायला सुंदर, पण नाचणाऱ्याने दम कुठे घ्यायचा? दिग्दर्शिकाबाईंनी तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा नाही जमलं तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. एवढं काम मला पुन्हा कोण देणार?

त्यात वरंधचे माझे चुलते, भाऊकाका, आमच्याकडे होते. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. एके काळी गावाकडच्या बाल्या नाचात त्यांचं नाव होतं. उजव्या पायात घुंगरांचा चाळ बांधून नाचायचे. नाचणं सुटलं की चाळ मंडळातल्या दुसऱ्या गड्याला द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. काकांनी तो दिला, आणि त्यानंतर बोलणंही जवळपास सोडलं. त्यांचं सगळं करायचं, शिकवण्या, वर हे... मी पार थकले होते.

त्या दुपारी चौथ्यांदा वाजवलं, न ऐकताच पाठवून दिलं आणि टेबलावर डोकं टेकलं. वीस मार्च होता, बाहेर चवदार तळ्याकडे जाणाऱ्यांनी रस्ता भरला होता.

तासाभरात बाईंचा फोन. "ताई, ते घुंगरू ठेवा हं. बरोब्बर तिथेच मुलींना श्वास मिळतोय."

"कुठलं घुंगरू?"

हेडफोन लावला. प्रत्येक ओळीच्या शेवटी... छम्. एकाच पायाचं. आणि तेवढ्यापुरती माझी बोटंही थांबलेली, मला न कळत. कीबोर्ड वायरने कॉम्प्युटरला जोडलेला होता. माइक कपाटात होता; खोलीतला आवाज त्यात जाणं शक्यच नव्हतं.

आतल्या खोलीत गेले. खाटेवर काका घामाने निथळत होते.

"काय होतंय काका तुम्हाला?"

"काय नाय. पाय दाब गो जरा... उजवा. लय दिसांनी दमलाय."

आठ महिने त्या पायाला काही कळत नव्हतं. हात लावला तर पोटरी भरून आलेली, गरम. मला रडू आलं. मी दाबत बसले.

तो पाय पुढे कधीच हलला नाही. डॉक्टरांना विचारलं, ते नुसते हसले. फक्त प्रयोगाच्या आधी बाईंनी कार्यक्रमपत्रिकेसाठी वादकांची नावं मागितली, तेव्हा मी दोन पाठवली.