वहिनींचा पाण्याचा कॉम्प्युटर

“कारण सापडल्याबिगर झाकण लावायचं न्हाय, भाऊजी.”

हे वाक्य मी वहिनींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की कुठे काही बिघडलं की आधी तेच आठवतं. झाकण बहुतेक वेळा कॉम्प्युटरचं असायचं, पण मिक्सरचंही असायचं, आणि कधी कधी भांडणाचंही. एकदा एका लग्नाच्या फिल्मवरून नवरीकडची माणसं तावातावानं आली. मी म्हणालो, माफी मागून मोकळे होऊ. वहिनींनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि हळूहळू काढून घेतलं की अख्ख्या फिल्ममध्ये नवरीची आत्या कुठेच नाही. आत्या रुसली होती, म्हणून घर पेटलं होतं. वहिनींनी सगळं चित्रीकरण पुन्हा चाळलं आणि अक्षता टाकताना रडणारी आत्या शोधून काढली. पुढे त्याच आत्या आपल्या मुलीच्या लग्नाचं काम घेऊन आमच्याकडे आल्या.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मी कॅमेरा चालवायचो, त्या एडिटिंग करायच्या. बारामतीत इंदापूर रस्त्याच्या अंगाला त्यांचं घर. पुढच्या खोलीत दोन टेबलं, जाड पडदा आणि सतत चालू असलेला पंखा. नवरा लोणी देवकरला कारखान्यात जायचा. घरी सासरे होते, आबा. ते दाराशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारत.

वहिनींचं माहेर कऱ्हाटीचं. एके काळी त्या घरात मेंढरं होती, नंतर शेती आली. “आमची आजी कळपातली प्रत्येक मेंढी तोंडावरनं वळखायची,” त्या सांगायच्या. “मला तर नुसत्या क्लिपा वळखायच्यात.” आणि ओळखायच्याही. मी शूट केलेल्या शेकडो तुकड्यांतला कुठला कुठे आहे, हे त्यांना न शोधता सांगता यायचं. मला ते कधीच जमलं नाही.

लग्नाच्या कामात मन रमेना तेव्हा त्या थ्रीडी शिकल्या. म्हणजे जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते कॉम्प्युटरवर घडवून दाखवायचं. यंत्राच्या पोटात काय चालतं, दाते कसे फिरतात, असलं. आपली आपणच शिकलीय म्हणून कुणी हसलं, तर त्या शांतपणे म्हणायच्या, “हसा की. मी करून दाखवते, मग बोलू.” बढाई नव्हती ती. स्वतःच्या कामाचा अंदाज होता.

त्या कामाला साधा कॉम्प्युटर पुरेना. मग त्यांनी सुटे भाग मागवून स्वतःच एक जोडला. दर दिवाळीला साडीऐवजी एखादा भाग घरात यायचा. जोरात काम करताना तो असा तापायचा की पंख्यांनी भागेना, म्हणून त्याला पाण्याची व्यवस्था केली. एक छोटी टाकी, मुठीएवढा पंप आणि पारदर्शक नळ्या. मशीनच्या मेंदूवरची उष्णता पाणी उचलणार, जाळीत जाऊन गार होणार आणि पुन्हा फिरून येणार. पाण्यात फिकट निळं औषध घातलेलं. बाजूच्या काचेतून ते दिसायचं. ते बघायला गल्लीतली माणसं यायची.

शेजारच्या काकूंनी बराच वेळ निरखून विचारलं, “ह्यात मासं न्हाईत व्हय?”

“न्हाईत, काकू. उकडतील बिचारं.”

आता त्या दिवसाचं सांगतो. लोणी देवकरलाच दुसरा एक कारखाना होता, ऊस लागणीचं यंत्र बनवणारा. परदेशातून पाहुणे यंत्र बघायला येणार होते आणि त्यांना दाखवायची फिल्म आमच्याकडे आली होती. असलं मोठं काम पहिल्यांदाच. बाहेरचं चित्रीकरण मी लासुर्ण्याच्या एका रानात केलं. यंत्राच्या आतलं सगळं वहिनींनी घडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्म दाखवायची होती, आणि शेवटचा भाग अजून मशीनमधून तयार होऊन निघायचा होता.

सकाळीच त्यांचा फोन आला. “भाऊजी, मशीन बसलं. चालू केलं की तापतंय आन आपोआप बंद पडतंय. या.”

मी गेलो तेव्हा काच काढलेली होती आणि वहिनी एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी नळी धरून उभ्या होत्या. “ही चटका देतीय, ही गार. म्हंजी पाणी जाग्यावरच बसलंय. पंप ढकलत न्हाय.”

मी म्हणालो, “पुण्यात माझ्या ओळखीचा स्टुडिओ आहे. फाइल घेऊन आत्ता निघालो तर ते रात्रीतून काढून देतील.”

“आन फिल्मवर नाव कुणाचं लागंल?”

“त्यांचं लावायला लागेल.”

“मग राहू द्या,” त्या म्हणाल्या आणि पेचकस उचलला.

आबा दारातून उठून आत आले. “हवा धरली असंल पोरी. हिरीवरची मोटार धरती तशी.”

“असंल आबा. बघू.”

मी आणि आबांनी दोन्ही बाजूंनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट धरलं, आधी डावीकडे कलतं केलं, मग उजवीकडे. दोन बुडबुडे वर आले. आबांचा चेहरा खुलला. पण पाणी काही हललं नाही.

“हवा न्हाय, आबा.”

मग त्यांनी कॉम्प्युटर बंद ठेवून नुसत्या पंपाला वीज दिली आणि त्याच्या अंगावर बोट टेकवून डोळे मिटले. “थरथरतोय. फिरत न्हाय. वीज येतीय, आत कायतरी आडलंय.” आता पंप उघडण्यावाचून मार्ग नव्हता. पंपाच्या आसपासच सगळे महागाचे भाग. पाण्याचा ओघळ भलतीकडे गेला तर कितीतरी दिवाळ्या वाहून जाणार. वहिनी उठल्या, तोंडावर पाणी मारून आल्या, हात कोरडे केले आणि टाकीतलं पाणी नळीनं बादलीत काढायला घेतलं.

पंप उघडला. आतलं चक्र पांढुरक्या निळ्या लगद्यात रुतलेलं, कडेनं खरखरीत थर. वहिनींनी चिमटीत घेऊन चोळून पाहिला.

“क्षार हाय ह्यो. आपल्या बोअरचा. पण मी तर बॅटरीत घालत्यात ते शुद्ध पाणी भरलं हुतं.”

मग आबा बोलले, अगदी खालच्या आवाजात.

“मीच घालत हुतो.”

“काय, आबा?”

“उन्हाळाभर टाकीतलं पाणी खाली जायाचं. तू कामात. म्हनलं तहानलं असंल. वरचं बूच काढून थोडं थोडं घालायचो तांब्यानं. पिंडीवर घालतो तसं, हळू. सांडलं न्हाय कधी.”

खरं सांगतो, मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. आबांची मान खाली. वहिनी हातातल्या त्या चक्राकडे बघत होत्या. तुम्ही-आम्ही असतो तर काय बोललो असतो, याचा अंदाज करा.

“आबा,” त्या म्हणाल्या, “घरात लिंबं हायती का?”

“हायती की. किती पायजेत?”

“हायती तेवढी पिळून आणा.”

आबा इतक्या झपाट्यानं स्वयंपाकघरात गेले की चप्पल दारातच उलटी पडली. मी हळूच म्हणालो, “वहिनी, तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“भाऊजी, मी नवी नवी हितं आले तवा लोक नावं ठेवायची. सून दिवसभर पडद्याआड बसती म्हणायची. आबा दारात खुर्ची टाकून बसायला लागले ते तवापासनं. आलेल्याला सांगायचे, ‘सून कामावर हाय, सांजच्याला या.’ त्या माणसाला तांब्याभर पाण्यावरनं बोलू?”

लिंबाच्या रसात चक्र भिजलं, थर सुटला. नळ्या धुतल्या, मेंदूवरची धातूची ठोकळी उघडून तिच्या बारीक खाचा दात घासायच्या ब्रशनं साफ केल्या. प्रत्येक गोष्ट शुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा खळखळवली, लिंबाचा अंश राहू नये म्हणून. मी घाई करायला लागलो तर मला बाहेर पाठवलं, बॅटरीच्या पाण्याचे कॅन आणायला. परत आलो तेव्हा सगळं जोडून झालं होतं. प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल घातलेला. पुन्हा नुसत्या पंपाला वीज दिली.

आधी घरघर झाली. दोन गुळण्या केल्यासारखा आवाज आला. मग नळीतून पाणी सरकलं, वळणावर थबकलं आणि सुसाट निघालं.

“चाललं!” आबा ओरडले.

वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी एकेक रुमाल बोटानं दाबून पाहिला. सगळे कोरडे निघाल्यावर त्या जमिनीवर बसल्या आणि भिंतीला डोकं टेकून मोठ्यानं हसल्या. संध्याकाळ व्हायच्या आत मशीन पुन्हा कामाला लागलं होतं, आणि तापमानाचा आकडा जिथल्या तिथे होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या हॉलमध्ये फिल्म लागली. यंत्र रानातून चालत होतं, मग त्याचा पत्रा विरघळल्यासारखा नाहीसा झाला आणि आतून उसाच्या कांड्या एकामागून एक सरीत पडताना दिसल्या. पाहुण्यांपैकी एक जण खुर्चीत पुढे सरकून बसला. दिवे लागल्यावर कारखान्याचे मोठे साहेब माझ्याकडे वळले. “छान. पुण्यातल्या कुठल्या स्टुडिओतून करून घेतली?”

मी तोंड उघडायच्या आत वहिनी उभ्या राहिल्या. मोठ्या लोकांसमोर भाषा बदलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

“पुणं न्हाय, साहेब. बारामती. माझ्या घरी, मी केली.”

त्या पाहुण्यानं मग बरंच काही विचारलं. वहिनींनी आपल्या मराठी-इंग्रजीत सगळं सांगितलं, कॉम्प्युटर कसा जोडला ते, आदल्या दिवशी पंप कसा अडला तेही. फक्त कारण सांगताना म्हणाल्या, “आमच्याकडचं पाणी जड हाय.” आबांचं नाव घेतलं नाही. मी मागच्या रांगेत इतका ताठ बसलो होतो की पाठ दुखायला लागली.

त्यानंतर त्यांना कामं येत गेली. बारामती पुरेना. नवऱ्यानं पुण्याजवळ नोकरी धरली आणि सगळं घर तिकडे गेलं, आबांसकट. आता त्या घरात दुसरं कुणी राहतं. पुढच्या खोलीत त्यांनी कॉट टाकलीय, आणि जाड पडदा काढल्यामुळे खोली रस्त्यावरून सहज दिसते. मी जाता-येता तिकडे बघतोच.

परवा लासुर्ण्याला एका वाढदिवसाच्या शूटिंगला गेलो होतो. जेवणं चालली होती. शेजारी बसलेला एक शेतकरी लागणीचं यंत्र घ्यायच्या विचारात होता. त्यानं मला मोबाईल दाखवला. “हे बघा. यंत्राच्या पोटातलं सगळं दावलंय. फारेनची फिल्म हाय.”

पत्रा विरघळत होता. कांड्या सरीत पडत होत्या.

“फॉरेनची नाही, दादा,” मी म्हणालो. “बारामतीत झालीय. कऱ्हाटीच्या लेकीनं केलीय.”

“खरं सांगताय?”

“मी होतो तिथे.”

त्यानं पंगतीतल्या आणखी दोघांना हाक मारून जवळ बोलावलं, मोबाईल पुसला, आणि फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली.