उंबऱ्याच्या आतलं पुरण

एमबीएला सप्लाय चेन घेतली तेव्हापासून बाबा मला ‘ट्रकवाली’ म्हणायचे. लाडानं नव्हे. रायपूरबाहेर उरला नावाची कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मला माल रवाना करायच्या विभागात इंटर्नशिप मिळाली होती आणि बाबांनी साफ नाही म्हटलं होतं. पोट्टीनं ट्रकच्या धुळीत काहून उभं राहायचं, नव्या रायपुरात एसीत बसून करायचं काम नाही का मिळत, असं त्यांचं म्हणणं. मी भांडले, अबोला धरला, जेवण सोडलं. एकाच वेळचं सोडलं, कारण रात्री आईनं वांग्याचं भरीत केलं होतं. काही म्हणता काही उपयोग झाला नाही.

अशात महालक्ष्म्या आल्या आणि नेमका आईचा हात प्लास्टरमध्ये. आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या आणि पंगतीवर पंगती. बाबा म्हणाले, यंदा नुसता नैवेद्य दाखवू. आईचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, मी करते सगळं, तेच तर शिकून राहिली आहे. बाबा हसले. हे नीट पार पाडलंस तर उरल्याचं पाहू, म्हणाले. मग काय, पदर खोचला.

पुरण किती लागेल ते आधी आत्याला विचारलं. तिनं अंदाज सांगितला, वर थोडं जास्तीच धर म्हणाली. तो अंदाज काकूला सांगितला, तिनं कमी पडायला नको म्हणून वाढवला. मावशी म्हणाली, लक्ष्मीच्या जेवणात कमी पडलं तर तोंड दाखवायची सोय राहत नाही, आणि तिनं आणखी चढवला. शेवटी आम्ही स्वतः, शिकलेल्या बाई, त्यावर सुरक्षित साठा म्हणून भर घातली. मागणी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना कशी फुगत जाते, यावर मागच्याच सेमिस्टरला मी प्रेझेंटेशन दिलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. डाळ भिजत घालताना त्यातलं एक अक्षर आठवलं असेल तर शपथ.

पाहुण्यांची शेवटची पंगत उठली तरी पुरणाचं पातेलं जेमतेम अर्धं रिकामं झालं होतं. आंबिलीचं तर विचारूच नका. आणि आमच्या घरची रीत अशी की त्या दिवशीचा प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही. डबा द्यायचा नाही, शेजारी पाठवायचा नाही, ज्याला हवा त्यानं घरी येऊन जेवायचं. बाबांनी पातेल्यात डोकावून विचारलं, ट्रक बोलावू का? आई नुसती पातेल्याकडे बघत बसली. मला रडूच फुटलं. उरल्याचं काम तर गेलंच, पण तिचा सणही मी घालवला होता.

रडता रडताच राग आला. माल बाहेर जात नाही ना, मग गिऱ्हाईक आत आणू! वर्गाच्या ग्रुपवर टाकलं: पूरनपोली, बुढापारा, अभी. बुढापारा म्हणजे आमची वस्ती. मेसच्या जेवणाला विटलेलं अख्खं हॉस्टेल निघालं. आमच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागं जावं लागतं, म्हणून सगळ्यांना वस्तीजवळच्या तलावापाशी उतरवलं आणि एका वेळी एका पंगतीपुरतेच आत सोडले. एक पंगत जेवतेय तोवर काकू पुढच्या पंगतीच्या पोळ्या लाटायची. ओडिशाचा एक जण आंबिलीवर असा तुटून पडला की आत्या त्याच्यापुढून हलेचना.

बाबा आधी कपाळाला आठ्या घालून दारात उभे होते. मग गल्लीच्या तोंडाशी गेले. मग स्कूटरवाल्यांना बाजूला लावायला लागले. थोड्या वेळानं तिथूनच हात वर करून मला विचारलं, “दुसरी टोळी सोडू का?”

“थांबा,” मी म्हटलं. “पानं मांडू द्या.”

आणि बाबा थांबले. जन्मात पहिल्यांदा.

ऊन उतरता उतरता पातेलं संपलं. आईनं डाव्या हातानं तळ खरवडून उरलेलं बोटभर पुरण माझ्या तोंडात घातलं आणि खुदकन हसली. बाबा पाय धुऊन आत आले.

“उरल्याले पहिल्या दिवशी मी येतो सोबत,” म्हणाले.

मी म्हटलं, मी काय लहान आहे का, रस्ता ठाऊक आहे मला.

“तुले पोचवाले नाही येत,” बाबा म्हणाले. “तुले काम करताना पाहाचं आहे मले.”