लावण्याचा निबंध कुणी लिहिला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंगलला — म्हणजे माझ्या बायकोला — तर मुळीच नाही. तिच्यापासून लपवलेली गोष्ट आमच्या घरात दोन वर्षं टिकली, हाच खरं तर चमत्कार. मला सर्दी होणार हे तिला माझ्या नाकाच्या आधी कळतं. पण हे कळलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही काही शुक्रवार पेठेत भाजी घेताना तिला भेटणार नाही.

मी सोलापुरातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मुलांकडून 'सत्य हाच खरा मित्र' या विषयावर किती निबंध लिहून घेतले असतील, सांगा. आता तो विषय फळ्यावर लिहायची वेळ आली की मी तब्येतीचं कारण काढून शुद्धलेखन घेतो.

कुठून सुरुवात करू? समितीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी शाळेत एक परिपत्रक आलं — अध्ययन-अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदारीने वापर करावा, त्यासाठी शाळेने समिती नेमावी. ज्या दिवशी समिती नेमली त्या दिवशी मी वेळापूरला चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्यात जिलबी खात होतो. आणि गैरहजर माणूस समितीवर नेहमी एकमताने निवडून येतो. परत आलो तर मी समन्वयक. कृत्रिम बुद्धिमत्तेशी माझा तोवरचा संबंध एवढाच, की माझ्या मुलीने फोनमध्ये एक ॲप घालून दिलं होतं आणि मी त्याला रोज सकाळी 'नमस्कार' म्हणत होतो. उत्तर यायचं. आमच्या शिपायापेक्षा अदबीनं यायचं.

समन्वयक झालो म्हणजे भाषण आलं. पालकसभेत मी पंधरा मिनिटं बोललो — 'यंत्र हे साधन आहे, साध्य नव्हे', 'विद्यार्थ्याने स्वतःच्या डोक्याने विचार करावा.' टाळ्या पडल्या. ते भाषण ॲपने लिहिलेलं होतं. सगळंच्या सगळं. मी फक्त म्हणालो होतो, जरा सोलापूरचं काहीतरी घाल. तर त्याने घातलं, 'ज्ञानाची चादर आपणच विणावी.' त्या वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

हीच कबुली, असं तुम्हाला वाटलं का? नाही हो. एवढ्यासाठी कोण कागद खराब करतं.

मग वह्यांचे शेरे. नववीच्या साठ वह्या, प्रत्येकीत निबंध, प्रत्येकाखाली शेरा. मी ॲपकडून साठ शेरे मागवले आणि लाल पेनाने उतरवत बसलो. एका घाईच्या दिवशी, डोकं न वापरता, एका मुलाच्या वहीत पूर्ण उत्तर उतरवलं — 'लेखनात प्रवाहीपणा आहे. हवे असल्यास मी हा शेरा अधिक प्रेमळ करून देऊ शकतो.' खाली माझी सही. दुसऱ्या दिवशी वही परत आली. पालकांनी खाली लिहिलं होतं, 'हो, करून द्यावा.'

मी करून दिला.

हेही ते नव्हे. बघा, मी कसा फिरतोय. ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं दिसल्यावर मांजर आधी सगळं स्वयंपाकघर हुंगून येतं, तसं चाललंय माझं. आता सरळ सांगतो.

लावण्या नावाची मुलगी होती नववीत. तेलुगू घरातली; वडील घरीच यंत्रमाग चालवतात. ही मुलगी वर्गात बोलायचीच नाही. प्रश्न विचारला की उभी राहायची, माझ्याकडे बघायची, आणि मीच उत्तर देऊन टाकायचो. पहिल्या बाकावर बसायची, तरी हजेरी घेताना मला ती शोधावी लागायची.

तेव्हा जिल्ह्याची निबंध स्पर्धा आली. विषय 'माझे घर'. शाळेतून इयत्तेमागे एकच निबंध पाठवायचा होता. मी वर्गाकडून लिहून आणवले आणि त्यात लावण्याचा निघाला.

तिने लिहिलं होतं — आमच्या पुढच्या खोलीत चार माग आहेत आणि मागच्या खोलीत आम्ही पाच माणसे. मागांच्या आवाजात ओरडून काही ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन बोटे डोळ्यांवरून फिरवली की झोप. रागावण्यासाठी खूण नाही, म्हणून आई रागावली की माग बंद करते. माग बंद झाला की आम्ही सगळे घाबरतो. आणि शेवटी — सुट्टीच्या दिवशी सगळे माग थांबतात तेव्हा घरात खूप शांतता असते, आणि एकमेकांशी काय बोलावे हे आम्हाला सुचत नाही.

मी तो दोनदा वाचला. मग काय वाटलं असेल मला? आनंद? अहो, इतकी वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसाला असं काही वाचल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं — ही कशी लिहील? जी तोंड उघडत नाही ती? जिच्या घरात मराठी नाही ती? हे शब्द माझ्या मनात अगदी याच क्रमाने आले. इथं लिहिताना लाज वाटतेय. तेव्हा वाटली नव्हती, हे महत्त्वाचं.

मी निबंध एका बोटाने फोनमध्ये टाइप केला आणि ॲपला विचारलं, 'हे तू लिहिलंस का?'

तुम्ही हसाल. हसा. गाय हरवली म्हणून गोठ्यातल्या खुंट्याला विचारावं, तसला प्रकार. पण ते बिचारं नम्र. म्हणालं, होय, या मजकुराची शैली पाहता तो माझ्यासारख्या प्रणालीने लिहिलेला असण्याची दाट शक्यता आहे. पहिल्याच प्रश्नाला कबूल होणारा विद्यार्थी मला आयुष्यात भेटला नव्हता. मी खूश झालो. समन्वयक झाल्यापासूनचा माझा पहिला आरोपी सापडला होता.

लावण्याला स्टाफरूममध्ये बोलावलं. तिच्या वडिलांना बोलावलं. मुख्याध्यापिका मॅडम बसल्या होत्या. मी फोन टेबलावर ठेवला आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं.

लावण्या वर्षात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "सर, हितं बसून परत लिहू का? दुसरा विषय द्या."

किती सोपं होतं! एक कागद, एक पेन, अर्धा तास. मी घड्याळात बघितलं आणि म्हणालो, "आता वेळ नाही, पुढचा तास आहे." पुढचा तास माझा मोकळा होता.

वडील उभेच होते. केसांत सुताची भुकटी. शाळेत येताना माणूस डोकं विंचरतो, पण भुकटी निघत नाही. त्यांनी पोरीकडे बघितलं, फोनकडे बघितलं. म्हणाले, "मशीनच सांगायलंय म्हणता तर असंल की सर. आमचा माग बी खोटं बोलत न्हाय ओ. धागा तुटला की जागेवर थांबतंय."

आणि मी मान डोलावली. धागा तुटल्याचं ज्याला कळतच नाही, उलट न थांबता पुढचं वीतभर विणून देतं, असलं यंत्र माझ्या हातात होतं — आणि मी त्या माणसापुढे मान डोलावली.

लावण्याचं नाव कटलं. दुसऱ्या तुकडीतल्या एकाचा निबंध पाठवायचं ठरलं. स्पर्धेची यादी मंगळवारी जाणार होती. मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्यामुळं शाळेचं नाव राहिलं." दुसऱ्या एका शाळेने मला याच विषयावर व्याख्यानाला बोलावलं. शाल आणि नारळ मिळणार, असंही कानावर आलं.

रविवारी जेवताना मी मंगलला ही मर्दुमकी सांगत होतो. ती ताटात भाकरी टाकत म्हणाली, "असं व्हय? त्याला सगळं कळतंय? मग इचारा की त्याला, तुमचं ते पत्र कुणी लिवलंय."

मंगल केम गावची. साखरपुडा झाल्यावर मी तिला पत्रं लिहायचो. ती तिने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. मला वाटायचं, प्रेमाने. पण ती भांडणात वापरायला ठेवली आहेत. तिने डबा काढला. मी पत्र टाइप केलं — 'तुझ्या आठवणींनी माझे मनोमंदिर उजळून निघते, आणि विरहाच्या या वाळवंटात तुझे पत्र म्हणजे जणू अमृताचा झरा.' विचारलं, हे कुणी लिहिलं?

उत्तर आलं. हा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला असण्याची दाट शक्यता आहे. भावना साचेबद्ध वाटतात.

मंगल खाली बसली. हसून हसून पदर तोंडात धरला. "अगं बाई! पंचवीस वर्सं मी मशीनसंगं संसार केला म्हणा की! तरीच म्हणलं, ह्यांना जेवायला काय करू इचारलं की सारखं 'काहीही चालेल' म्हणत्यात."

मीही हसलो. त्या पत्राच्या काळात केमला फोन म्हणजे स्टेशनातला एक. यंत्राने पत्र लिहिण्याची गोष्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मी हसलो, हसलो — आणि मध्येच थांबलो. कारण मंगल थांबली होती.

ती म्हणाली, "मग त्या पोरीचं ओ?"

हे रविवारी दुपारी. यादी मंगळवारी. म्हणजे मला सगळं कळलेलं होतं आणि हातात अख्खा सोमवार होता. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्यांदा विचारलं, पाण्याचा फिल्टर दुरुस्त झाला का. दुसऱ्यांदा, स्नेहसंमेलनाची तारीख ठरली का. तिसऱ्यांदा मी आत गेल्यावर मॅडमनीच चष्म्यावरून बघून विचारलं, "सर, बरं वाटत नाही का?" मी म्हणालो, होय, जरा डोकं दुखतंय. त्यांनी ड्रॉवरमधून गोळी काढून दिली. मी त्यांच्यासमोर ती गिळली.

काय आड आलं? शाल-नारळ? साठ पालकांच्या टाळ्या? की एका मुक्या पोरीपुढे, तिच्या बापापुढे 'मी चुकलो' म्हणायला लागणार, ते? मी खूप शोधलं. त्यातलं एकही मोठं कारण नव्हतं. सगळी मिळूनसुद्धा मोठी नव्हती.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताच मंगलने विचारलं. मी चप्पल काढता काढता म्हणालो, "झालं. नाव घातलं तिचं."

बघा — किती पटकन आलं ते. अडखळलो नाही.

मंगलला इतका आनंद झाला की मंगळवारी सकाळी उठून तिने शेंगापोळ्या केल्या. डबा माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्या लेकराला द्या. म्हणावं, सरांच्या बायकूनं दिल्यात, लई मोठी हो." मी डबा घेऊन शाळेत गेलो. नववीच्या वर्गात लावण्या पहिल्या बाकावर होती. काय सांगून देणार होतो तिला? मधल्या सुट्टीत मी तो डबा स्टाफरूममध्ये उघडला. चित्रकलेच्या सरांनी तीन खाल्ल्या. मी दीड खाल्ली. चांगल्या झाल्या होत्या, हेही सांगून टाकतो. रिकामा डबा घरी नेला तेव्हा मंगलने विचारलं, "आवडल्या का तिला?" आणि मी म्हणालो, "लई."

यादी त्याच दुपारी गेली. पुढच्या महिन्यात मी व्याख्यानही दिलं. चादरीचं वाक्य तिथेही चाललं.

लावण्या दहावीत गेली. दहावीलाही मराठीला मीच. तिने माझ्याकडे कधी रागाने बघितलं नाही. बघितलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. दिवाळीनंतर मी निबंध दिला, 'माझी अविस्मरणीय सहल'. तिची वही उघडायला मी घाबरत होतो. उघडली. सूर्य सोन्याच्या गोळ्यासारखा उगवला होता, पक्षी किलबिलाट करत होते, झरे खळखळ वाहत होते आणि परत येताना सर्वांचे पाय जड झाले होते. वर्गातल्या चाळीस वह्यांत होतं तेच, त्याच क्रमाने. एक शब्द तिचा नव्हता. कुणी शंका घ्यावी असं एकही वाक्य तिने ठेवलं नव्हतं. आणि त्या वर्षी शाळेची सहलच गेली नव्हती.

मी ते शेवटपर्यंत वाचलं. ती समोर उभी होती, हात मागे बांधून. तिने हे का केलं ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिलाही कळत होतं.

मी दहापैकी आठ दिले. इतके गुण तिला माझ्याकडून त्याआधी कधी मिळाले नव्हते.